करडईची पिशवी

रविवारी दुपारी नवीन जालना झोपतं. पेढ्यांची शटरं अर्ध्यावर ओढलेली असतात, रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे होऊन पाय बाहेर सोडतात, आणि स्टेशनातून एखादी मालगाडी इतक्या सावकाश निघते की ती निघाली की अजून उभीच आहे, हे तिच्या आवाजावरून कळत नाही. माझं सेंटर एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दुपारी खालून गोणपाटाचा, धान्याचा आणि औषधाचा मिळून एक वास जिना चढून येतो आणि मुलांच्या झोक्यापाशी येऊन थांबतो. अशा वेळी मी दार लोटून घेते, लॅपटॉप उघडते, आणि पडद्यावर एकेक खिडकी उजळायला लागते.

प्रत्येक खिडकीत माझ्यासारखीच एक बाई. कुणी नागपूरची, कुणी कोल्हापूरची, कुणी नांदेडची. एक समुद्रापलीकडची, तिच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि तिच्या मागच्या भिंतीवर कोवळं ऊन हलत असतं. आम्ही सगळ्या मुलांबरोबर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे नाव जालन्यात सांगून उपयोग नसतो. लोक विचारतात, "म्हणजे मालिश करता का?" मी सांगते, ज्या लेकराला शर्टाचं बटन लावता येत नाही, ज्याचा घास तोंडापाशी येऊन सांडतो, ज्याला पेन्सिल धरली की रडू येतं, त्याचं रोजचं जगणं त्याच्या हाती द्यायचं, हे माझं काम. सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं बरं. मंग मालिश कोण करतं?"

तर रविवारी आम्ही एकमेकींना आपापल्या युक्त्या दाखवतो. कुणी कणकेत मणी लपवून ते शोधायला लावते, कुणी कपडे वाळवायच्या चिमट्यांनी बोटांत जोर आणते, कुणी जुन्या सायकलच्या ट्यूबमधून खेळ काढते. मुलांचे व्हिडिओही दाखवतो. आईबापांना विचारून, आणि चेहरा कधीच न दाखवता. हा आमचा नियम पक्का आहे. त्यामुळे पडद्यावर दिसतात ते फक्त हात. लहान, मऊ, अडखळणारे हात. दुपार उतरायला लागली की मला पेंग येते, आणि त्या पेंगेत खिडक्यांच्या चौकटी विरघळून जातात. मग सगळ्या गावांचे हात एकाच मोठ्या पाण्याखाली हलताहेत असं वाटतं. काहीतरी पकडू बघणारे, सुटणारे, पुन्हा पकडू बघणारे. त्या हातांत माझ्या लहानपणचे हातही असतात असं मला कितीदा वाटलं आहे.

ह्या एवढ्या गोड पेंगेत मला एक काटा आहे. तो मी काढलेला नाही.

माझी आई तीर्थपुरीच्या बाजारात मिरची विकायची. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसून वाढले. भाव कसा करायचा, गिऱ्हाईक खरंच निघून चाललंय की नुसतं पाय उचलून दाखवतंय, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. आईचा एक कडक कायदा होता. कुणी न विचारता ढिगातली मूठ उचलून आपल्या पिशवीत टाकायला लागलं, की ती सरळ मनगट धरायची. "दादा, विचारून घ्या. मागितली असती तर वरून अजून टाकली असती." माणूस ओशाळायचा. आई त्याला खरंच वरून मूठभर मिरची घालायची, पण आधी मनगट धरायची. माझा सगळा स्वभाव त्या पोत्यावर बसून झालेला आहे. मिरची विकणारीची पोरगी, तिखट असायचीच, असं नागपूरला शिकताना मैत्रिणी म्हणायच्या. मी हसून घ्यायचे. खोटं नव्हतं.

जालन्यात सेंटर काढलं तेव्हा माझ्याकडे डिग्री होती, एक झोका होता आणि एका बंद पडलेल्या शाळेतून घासाघीस करून आणलेली छोटी टेबलखुर्ची होती. परदेशी पुस्तकांत ज्या वस्तू दाखवलेल्या असायच्या, त्यांपैकी एकही नव्हती. सैरभैर लेकरं एका जागी टिकावीत म्हणून त्यांच्या मांडीवर ठेवायला वजनाची उशी लागते. ती मी स्वतः केली. खालच्या दुकानातलं बियाणं घेता येत नाही. त्याला रंग आणि औषध लावलेलं असतं, लेकरांच्या अंगाला ते नको. ज्वारीत किडे होतात. शेवटी मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, करडई आणली. पांढरी, चकचकीत, टणक. मांजरपाटाच्या लांबट पिशवीत ती भरली आणि उचलली, तर आत ती अशी सळसळली की झोक्यावरचं रडणारं पोर रडायचं थांबून ऐकायला लागलं. अजूनही ती सळसळ ऐकली की मला वाटतं, कुठेतरी दूर कुणीतरी हळू आवाजात आपल्याबद्दल चांगलं बोलतंय. लेकरं त्या पिशवीला माऊ म्हणतात. मांडीवर घेऊन कुरवाळतात.

मी माऊचा फोटो आमच्या रविवारच्या ग्रुपवर टाकला होता. कशी शिवली, किती भरली, का करडईच, सगळं मोकळेपणानं लिहिलं होतं.

मग एका रविवारी पुण्याच्या एक मॅडम बोलायला बसल्या. आमच्यात त्या सगळ्यांत जुन्या, त्यांचं सेंटर मोठं, बोलणं लोण्यासारखं. बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एक चित्र आणलं. लांबट पिशवी, आत करडई, वर सुंदर फुलाफुलांचं कापड. "आमच्याकडे आम्ही हे वापरतो," त्या म्हणाल्या. "स्थानिक बी वापरून केलेलं." सगळ्या खिडक्यांतून कौतुकाचे लाल बदामच बदाम वर तरंगायला लागले. माझं डोकं फिरलं. मी माइक चालू केला आणि बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले! आईसुद्धा मिरचीच्या ढिगावरून उठून बघत राहिली असती असं बोलले. आणि मनासारखं सगळं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पंखा थांबलाय. लाइट गेले होते, लाइटबरोबर नेटही. पडद्यावरच्या सगळ्या बाया तोंडं अर्धवट उघडी ठेवून गोठलेल्या होत्या. माझं भाषण माऊनं आणि झोक्यानं ऐकलं.

पुन्हा तेच बोलायला मला कमीपणा वाटला. पण त्यानंतर मी ग्रुपवर एकही युक्ती टाकली नाही. रविवारी यायचं, बघायचं, घ्यायचं, आणि आपलं गाठोडं बांधून ठेवायचं. हा सौदा मला बरोबर वाटत होता.

तेव्हाच धावड्याची एक पोरगी माझ्याकडे यायला लागली. दुसरीत जायच्या वयाची, डोळे टपोरे, अंग लोण्याच्या गोळ्यासारखं सैल. जन्मापासून तिचे स्नायू ढिले होते, त्यामुळे सगळं उशिरा, बसणं उशिरा, चालणं उशिरा. बोलणं मात्र वेळेच्या आधी. आई तिला एसटीनं घेऊन यायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, तुला काय शिकायचंय?" बहुतेक लेकरं ह्या प्रश्नाला आईकडे बघतात. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "मला पंगतीत बसायचंय."

तिच्या आत्याचं लग्न ठरलं होतं. मांडव धावड्यालाच, घरापुढे पडणार होता. आजवर गावात, भावकीत कितीतरी जेवणावळी झाल्या; दर वेळी आजी हिला आतल्या खोलीत नेऊन भरवायची. बाहेर चुलत भावंडांची रांग बसायची आणि ही भिंतीपलीकडून ऐकायची.

"काय ऐकतेस?" मी विचारलं.

"वाढणारे येतात ना, ते सगळ्यांना इचारतात. वाढू का, वाढू का म्हणून. मला कोणीच न्हाई इचारलं अजून."

तिच्या आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी पोरीला म्हटलं, "ठीक आहे. सौदा पक्का. पण तुला माझ्याकडे कष्ट करावे लागतील."

"तुम्हाला पण करावे लागतील," ती म्हणाली. तोडीस तोड गिऱ्हाईक भेटलं की मला आनंद होतो.

आम्ही खोटी पंगत मांडायचो. छोट्या खुर्चीत ती बसायची, टेबलावर पत्रावळ, पत्रावळीवर कणकेच्या पोळ्या, मातीची बुंदी. मी कमरेला पदर खोचून वाढायला यायचे.

"बुंदी वाढू का, ताई?"

"न्हाई न्हाई, पुरे!" ती पत्रावळीवर पंजा पसरून म्हणायची, आणि खुदकन हसायची. मग दबक्या आवाजात, "आता पुन्हा इचारा ना."

"तू नको म्हणालीस ना?"

"अहो, एकदा नको म्हणायचं असतं. मंग ते पुन्हा इचारतात. मंग घ्यायचं." माझ्या अडाणीपणाची तिला कीव यायची.

खुर्चीत तिची प्रगती छान होती. पोळीचा तुकडा मोडायचा, भाजीला लावायचा, तोंडापर्यंत न्यायचा. पाठ थोडी ढिली आहे हे मला ठाऊक होतं, पण खुर्चीला टेकून ती बरी बसायची, म्हणून मी हातांच्याच मागे लागले होते. आणि घरी मात्र काहीच घडत नव्हतं. तिची आई दर वेळी सांगायची, "ताई, तुमच्याकडं बराबर खाती, घरी एक घास न्हाई. आजीच भरवून राह्यली." मला वाटलं, आजी लाड करते. मग वाटलं, पोरगी आळस करते. शेवटी मी आईला म्हटलं, घरी जेवतानाचा व्हिडिओ काढून पाठवा. जवळून काढा, फक्त हात दिसू द्या, तोंड अजिबात नको. मला तो ग्रुपवर दाखवावा लागणार हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून आईची परवानगीही घेऊन ठेवली.

लग्न जवळ आलं होतं आणि माझ्याजवळच्या युक्त्या संपल्या होत्या. जिथे मी माझी मूठ बंद केली होती, तिथेच आता हात पसरायचा. मी रविवारपर्यंत दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. मग डोळ्यासमोर ती पोरगी दबका आवाज काढून म्हणाली, पुन्हा इचारा ना. मी व्हिडिओ टाकला.

पडद्यावर तो छोटा हात आला. जर्मनच्या ताटलीत भाकरीचा तुकडा, त्याला बोटं लागली. हात वर उचलला गेला, थरथरला, मध्येच थांबला. तुकडा ताटलीत पडला आणि हात चौकटीच्या बाहेर, खाली निघून गेला. मग पुन्हा आला, पुन्हा तसाच निघून गेला. दुपारच्या त्या शांततेत तो हात मला एखाद्या पाखरासारखा वाटला. दाणा टिपायला येतं, काहीतरी ऐकतं, आणि उडून जातं. कुठे जातं?

सगळ्या मैत्रिणी तुटून पडल्या. पकड कमी आहे, घट्ट कणीक मळायला द्या. मनगटाला आधार द्या. चिमट्याचा खेळ घ्या. तुकडे मोठे करा. नांदेडची म्हणाली, भाकरीऐवजी पोळी द्या. कोल्हापूरची म्हणाली, आधी तूप लावा, मग बघा. मी सगळं ऐकत होते. ह्यातलं बहुतेक मी करून बसले होते.

सगळ्यांचं संपल्यावर पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "ह्या मुलीचे पाय कुठे आहेत?"

"पाय पायांच्या जागी आहेत," मी म्हटलं. एक-दोन खिडक्यांत हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

"तसं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "हात बाहेर जातो तो कुठे जातो, ते दिसत नाहीये. तुम्ही तिला घरी जेवताना बघितलंय?"

"तालुका ओलांडून जावं लागतं मॅडम. तुमच्या पुण्यात बंगल्याच्या खालीच सेंटर असेल." मी कॅमेरा बंद केला. खोलीत माझ्या श्वासाचा आवाज येत होता आणि रिकामा झोका वाऱ्यानं थोडा थोडा हलत होता. मला राग कशाचा आला होता, ते मला नेमकं कळत होतं. तो प्रश्न मला सुचायला हवा होता.

त्याच आठवड्यात मी धावड्याला गेले. मॅडमना चूक ठरवायचं, हे एवढंच डोक्यात होतं. भोकरदन मागे पडलं तसा रस्ता उजाड आणि शांत होत गेला. कपाशी उपटून मोकळी केलेली रानं दोन्ही बाजूंनी उन्हात पडून होती, आणि बसच्या खिडकीशी डोकं टेकून मी अर्धवट झोपेत तोच हात बघत होते. येतो, थांबतो, जातो.

घरी आजीनं चहा ठेवला. पोरगी मला बघून हरखली. "ताई, तुम्ही आमच्या घरी कशा आल्या? टेबल आणलं का?"

"टेबल कशाला?"

"मंग मी जेवू कशी?"

मी दारातच उभी राहिले. आजी भाकरीची ताटली घेऊन आली, तिनं पोरीला जमिनीवर मांडी घालून बसवलं, आणि सगळं माझ्या पुढ्यात उलगडलं. मांडी घातल्याबरोबर पोरीची कंबर मागे कलंडली, पाठीची कमान झाली. पडू नये म्हणून तिनं डावा हात मागे टेकवला. उजव्यानं तुकडा उचलला, तशी ती आणखी कलली, आणि उजवा हात तुकडा सोडून धावत जमिनीला गेला. स्वतःला सावरायला. चौकटीबाहेर तो इथे येत होता. जमिनीवर. बोटांत जोर होता, मनगटात जोर होता. बूड तेवढं भुईवर ठरत नव्हतं. दोन्ही हात पडण्याच्या भीतीला बांधलेले होते, आणि मी खुर्चीत बसवून तिला बुंदीचे मणी वेचायला लावत होते. आमच्याकडे पंगत काही खुर्चीत बसत नाही. चेहरा दिसू नये म्हणून आम्ही सगळ्या इतकं जवळून बघत होतो की जमीन कुणालाच दिसली नाही.

आजी म्हणाली, "बघा ना ताई, अशी करून राह्यती. लग्नात चारचौघांत उताणी पडली तर लोक हसतील. म्हणून मी आत नेते. मला काय हौस हाय का?"

"आजी, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. आजीला ते अपेक्षित नव्हतं. तिनं चहात आणखी साखर घातली.

परत येताना बसमध्येच मी मॅडमना फोन लावला. ग्रुपवर लिहिण्याएवढी मी नमले नव्हते. "तुमचा प्रश्न लागू पडला," मी म्हटलं. "हात जमिनीवर जातो."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "कंबर मागे जात असणार. बसायची जागा गुडघ्यांपेक्षा थोडी उंच करा. आणि तुमची पिशवी घ्या, पण मांडीवर नाही, खाली. करडई घट्ट ठासून भरायची, मागे जाड, पुढे पातळ. मी तुमच्या पिशवीचं तसं करून बघितलंय, मस्त बसतात मुलं."

बस खड्ड्यातून गेली. मी सीटची दांडी धरली.

"काय म्हणालात? कुणाची पिशवी?"

"तुमची. करडईची."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"अहो, ठाऊक म्हणजे काय, तुम्हीच तर टाकली होती. ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं मी धरते. माझं पण सगळे घेतात. मी कधी कुणाला विचारत नाही, की माझं का घेतलं."

"बाजारात माल मांडला म्हणजे उचलून न्यायचा असतो का, मॅडम? इचारून न्यायचा असतो." माझा आवाज चढला होता. पुढच्या सीटवरच्या म्हातारबांनी मागे वळून पाहिलं आणि बोट वर करून मला दुजोरा दिला, "बराबर आहे बाई. बिलकुल बराबर."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" मॅडमनी विचारलं.

"बोलले होते. लाइट गेल्ते."

त्या हसल्या. मी हसले नाही. फोन ठेवला, आणि कंडक्टरकडून कागदाचा तुकडा मागून त्यावर मागे जाड, पुढे पातळ अशा पिशवीचं चित्र काढलं. राग आपल्या जागी आणि माल आपल्या जागी, हे मला आईनंच शिकवलेलं आहे.

शिंप्याशी माझं भांडण झालं, कारण तो घट्ट म्हणून जे भरून द्यायचा ते माझ्या लेखी घट्ट नव्हतं. "ताई, पिशवी फाटंल." "फाटली तर दुसरी शिव." शेवटी पिशवी अशी झाली की आत करडई सळसळेना, नुसती गपगार बसून राहिली. पोरगी तिच्यावर बसली, मी तिला मांडी घातली. कंबर पुढे आली. पाठ आपोआप सरळ झाली, रोपाला काठी लावल्यासारखी. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की तिचे दोन्ही हात मोकळे आहेत. तिनं ते समोर धरले आणि उलटेसुलटे करून बघितले, जसं काही कुणीतरी नुकतेच आणून दिलेत. मग म्हणाली, "आता इचारा."

त्यापुढे खुर्ची-टेबल भिंतीकडे सरकलं. आम्ही भुईवर पंगत मांडली; रोज आधी पिशवीवर बसायचं, मग पंगत. घरी आईनं तेच केलं. आजी आधी लांबून बघायची. मग एकदा आईनं फोनवर सांगितलं, "आजीनं आज भरवलं न्हाई. नुसती शेजारी बसून राह्यली."

लग्नाला मला आग्रहाचं आमंत्रण होतं. धावड्यात मांडवाखाली दुपारची उन्हं कापडातून गाळून येत होती, सगळ्यांच्या अंगावर पिवळा, ओला वाटणारा उजेड पडला होता. वाजंत्री थकून थांबली होती. जेवणाचा, फुलांचा, पाणी मारलेल्या मातीचा वास. लांबच लांब सतरंजी अंथरली होती, आणि तिच्याखाली, एका ठरलेल्या जागी, आईनं पिशवी सरकवून ठेवली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. सतरंजीला जरा उंचवटा, एवढंच. भावंडांच्या रांगेत पोरगी त्या उंचवट्यावर जाऊन बसली. नवं परकर-पोलकं, केसांत गजरा. मी खांबाला टेकून उभी राहिले. आजी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पदराचं टोक दातांत धरून.

पत्रावळी आल्या. मीठ, लोणचं, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. तिनं पोळी मोडली. पहिला घास थोडा सांडला, शेजारच्या चुलत भावाचाही सांडला होता. मांडव सगळा एका लयीत जेवत होता. त्या आवाजानं मला पेंग आल्यासारखं झालं, आणि क्षणभर वाटलं, रविवारच्या पडद्यावरचे सगळे हात इथे येऊन रांगेत बसलेत.

बुंदीचं पातेलं घेऊन एक तरणाबांड वाढणारा घाईघाईनं रांगेतून येत होता. त्याला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. एकेकापुढे वाकायचा. आजीनं माझं मनगट धरलं. तो पोरीपुढे आला, वाकला.

"वाढू का, बाई?"

तिनं वर पाहिलं. आणि उजव्या हाताचा पंजा उचलून पत्रावळीवर पसरला. हवेत, मोकळा. डावा हात मांडीवर होता. जमिनीवर एकही हात नव्हता.

"न्हाई न्हाई," ती म्हणाली. "पुरे."

तो घाईत होता. पुढे सरकला. मी खांब सोडून ओरडणारच होते, अरे, पुन्हा विचार! पण आजी माझ्या आधी ओरडली. आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "ए दादा! एकदा नको म्हनलं की चाललास का? माझ्या नातीला पुन्हा इचार!"

तो वळला, हसला, पुन्हा वाकला. "घे गं बाई, थोडी तरी घे. लग्न हाय आत्याचं."

पोरीनं थोडा वेळ घेतला. भाव करणारीनं घ्यावा तेवढा. मग पंजा हळूहळू बाजूला केला.

तिच्या आईच्या परवानगीनं मी एक व्हिडिओ काढला होता. पाठीमागून, लांबून. चेहरा नाही. पण पाठ आहे, पाय आहेत, सतरंजी आहे, जमीन आहे, आणि वर जाणारा हात आहे. तो मी ग्रुपवर टाकला. खाली पिशवी कशी भरायची तेही लिहिलं, मागे जाड, पुढे पातळ, आणि घट्ट भरायची कल्पना पुण्याच्या मॅडमची आहे, हेही लिहिलं. हिशोब चोख असलेला बरा, मग समोरच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही.

रविवारी दुपारी मी दार लोटून बसले होते. मॅडमचा निरोप आला. "हा व्हिडिओ मला पुढच्या वेळी नव्या मुलींना दाखवायचा आहे. जालन्याच्या ताईंची पिशवी म्हणून दाखवेन. दाखवू का? विचारते आहे."

खाली बाजार झोपला होता. झोका हलत होता. मी माऊ मांडीवर ओढून घेतली, ती सळसळली. राग गेला असं मी म्हणणार नाही. जागेवर आहे, हात लावला की लागतो. मी बराच वेळ त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत बसले.

मग लिहिलं, "नको."

पाठवून दिलं, आणि फोन मांडीवर, माऊच्या पाठीवर उपडा ठेवला. स्टेशनातून मालगाडी निघाली होती, किंवा अजून उभीच होती. थोड्या वेळानं फोन उलटा करून बघितला. मॅडमच्या नावाखाली बारीक अक्षरांत येत होतं, टाइप करत आहेत.